माई, दोन सुरांत

पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेने फळ्यावर एक उच्चार लिहिला: माई.
सूर खाली जाऊन वर आला तर विकत घेणं,
वरून धपकन पडला तर विकून टाकणं.
मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे तिसराही आहे,
सपाट, रोजचा,
घोडपदेवच्या तिसऱ्या मजल्यावरून
किल्ली खाली टाक म्हणून ओरडायचा.
वर्ग हसला. शिक्षिका हसली नाही.
तिने फळ्यावर दोन्हींच्या खाली
जागा मोकळी सोडली.

सहा आठवड्यांसाठी माईने पतपेढीतली ठेव मोडली होती.
माहितीपत्रकात होतं: भाषा, संस्कृती, समाजसेवा.
तिने चष्मा पदराने पुसला, परत वाचलं,
सेवा करायची, आणि वर आपणच पैसे भरायचे?
मग भरले.

युन्नानच्या डोंगरात आम्ही शाळेची भिंत रंगवली, निळी.
खरवडताना आतून पिवळी निघाली,
पिवळीच्या आत हिरवी.
दर उन्हाळ्यात एक तुकडी.
मुलं पायरीवर अक्रोड फोडत बघायची
यंदा कोणता रंग.

दुपारी वृद्धाश्रमात यांग आजींना पेज भरवायची.
साखर मागताना सूर चुकायचा
आणि स्वयंपाकघरातून सूप यायचं.
आजी बोळक्याने हसत, सूप पिऊन टाकत.
निघताना माझा हात धरून म्हणाल्या, शिन्-खू-ला.
कोशात अर्थ होता: आपण कष्ट घेतलेत.
मला ऐकू आलं,
दमलीस गं.

परत आले तर माई म्हणाली,
वॉर्डात एक चिनी म्हातारे आलेत,
दातांचे डॉक्टर होते माझगावात, थाम म्हणून.
चार दिवस झाले, तोंडातून शब्द नाही.
तू बोल. ठेव वसूल होऊ दे.

मी पलंगाशी उभी राहिले,
घोटून घोटून बसवलेली चार वाक्यं बोलले,
चारही सुरांसकट.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
म्हणाले, पोरी, ही आमची बोली नव्हे.
आमची होती ती आजीबरोबर गेली.
पेज आळणी आहे, जरा सांग ना कुणाला.

मग बोलत का नव्हतात?

इथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, हातवारे करून.
मी काय बहिरा आहे?
आणि बासष्ट साली बाबांना घेऊन गेले रात्री,
तेव्हापासून घरात कमी बोलायची सवय.

उशीखालून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो:
दगड, शेवाळ, उभ्या रांगेत अकरा अक्षरं.
बाबांचा आहे. काय लिहिलंय?
मला कधी वाचता आलं नाही.

अकरातली सहा मला आली.
एक गाव असावं, एक नदी नक्की,
आणि सगळ्यात खाली: मुलाने उभारला.

ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले.
मीच तो, म्हणाले.
कारागिराने कागद पुढे केला, मी हो म्हटलं.
न वाचता.

उरलेली पाच अक्षरं मी वहीत उतरवून घेतली,
रेघ न् रेघ मोजून.
एक रेघ की शेवाळ, ते कळेना.

पाळी संपायच्या वेळेला माई आली,
सकाळपासून अकरा चादरी, दोन मृत्यू, एक भांडण.
मी म्हटलं, शिन्-खू-ला.
काय?
काही नाही, माई.
सपाट सुरात.

तिने कमरेची पुडी सोडली,
थामांच्या वाटीत चिमूटभर मीठ टाकलं,
चमच्याने ढवळलं,
आणि म्हणाली, डॉक्टरांना बोलू नकोस.
कुठल्याच भाषेत.